शेठजीची भावली

लालबागच्या त्या चाळीत कोणी विचारलं, "काय दौलत, यंदा मेळ्यात काय नवीन?" तर दौलत टेलर तोंडातली टाचणीसुद्धा न काढता नुसती मान हलवायचा. लोकांना वाटायचं, आखडू आहे. आखडू कसला डोंबलाचा! बिचारा एका संध्याकाळी असा काही लाजला, की पुन्हा त्या विषयावर त्याचं तोंड म्हणून उघडलं नाही. ती संध्याकाळ अठ्ठावन्न सालच्या गणपतीतली. पण सांगायची तर देवळालीपासून सांगायला हवी.

दौलत मूळचा राजापूरकडचा. गिरणीत लागायला म्हणून मुंबईत आला, पण कापसाची धूळ छातीला सोसेना, तेव्हा हप्त्यावर मशीन घेऊन चाळीच्या जिन्याखाली बसला. परकर, पोलकी, लेंगे शिवून घर चालायचं, पण जीव सगळा मेळ्यात. गणपतीत गाणी-नाटकं करणारा चाळीतल्या पोरांचा मेळा होता, त्याचे सगळे कपडे दौलतचे. फाटक्या जाजमातून सरदाराचा अंगरखा काढायचा, आणि तो दिव्याखाली असा झळकायचा की जाजम ज्याचं त्यालाही ओळखू येऊ नये. त्याचं त्याला कौतुक फार. आणि त्या दिवसांत मेळा म्हणजे नुसती करमणूक राहिली नव्हती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, फाउंटनला गोळी लागून मेलेली माणसं अजून चाळीचाळींतून आठवत होती, आणि आमच्या मेळ्याचा वग म्हणजे सरकारला आणि शेठलोकांना भर चौकात घातलेल्या शिव्याच होत्या.

त्या उन्हाळ्यात तो वग घेऊन पोरं नाशकाकडे गेली. कपड्यांच्या ट्रंका सांभाळायला दौलत बरोबर. नाशिकरोडचा प्रयोग झाला आणि परतताना देवळालीत ट्रकने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, आज काही होत नाही. पोरं एका शाळेच्या ओसरीवर पत्ते कुटत बसली आणि दौलत काळा दोरा शोधायला म्हणून बाहेर पडला. दोरा मिळाला नाही. कॅम्पातल्या बंगल्यांवरून जाता जाता एका बंगल्यातून पियानो ऐकू आला, म्हणून त्याने कुंपणावरून डोकावलं.

आत लांबलचक पडवी. भिंतीला लाकडी दांडा ठोकलेला, दांडा धरून सहा-सात मुली उभ्या, आणि एक म्हातारी पारशीण हातातल्या छडीने जमिनीवर ताल धरून होती. मुलींचे पाय मांड्यांपर्यंत उघडे! दौलतने लगेच मान वर करून छपराकडे पाहिलं. आणि तिथेच फसला. छपराच्या वाशांना दोरी बांधून त्यावर झगे टांगले होते, सगळे उलटे, वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्र्यांसारखे. जाळीचे, थरावर थर. दौलत माणूस म्हणून लाजला खरा, पण शिंपी म्हणून जागचा हलेना.

"कुंपणावर कसला लटकते रे?" म्हातारी ओरडली. "चोरी करायची तर आत ये, नाहीतर जा नी!"

"चोर नाही बाई, टेलर आहे."

"टेलर? मग ये ये. टेलर तर मला कवाचा पाहिजे."

या पिरोजाबाई. लहानपणी मुंबईत एका रशियन मडमेकडे बॅले शिकलेल्या. लग्न केलं नाही, देवळालीच्या वडिलोपार्जित बंगल्यात ही शाळा काढली. साहेब होते तोवर साहेबांच्या मुली यायच्या. साहेब गेले, तेव्हा उरल्या त्या हवापालटाला आलेल्या पारशांच्या नि लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या एवढ्या सहा-सात मुली. झगे सगळे जुने, विरलेले. एक फाटलेला त्यांनी दौलतच्या पुढ्यात टाकला. दौलतने सवयीने जाळीचा काठ दुमडायला घेतला, तर बाईंनी फाडकन हातावर चापट मारली.

"काठ नाही दुमडायची! जड होते, पडते. नेट नुसती कापायची नि सोडून द्यायची."

आयुष्यभर ज्याने काठ दुमडले, त्याला कोणी सांगतंय, दुमडू नको. दौलतला ते इतकं आवडलं की विचारू नका. मग त्याने एकेक झगा खाली उतरवून पाहिला. एकाची जाळी कंबरेपासून सरळ आडवी उभी राहायची, आत तारेचं कडं घातलेलं. दुसऱ्याची तशीच, पण कडं नाही, म्हणून जरा खाली झुकून घंटेसारखी दिसायची. तिसऱ्यात आखूड जाळीचे गुच्छ भरगच्च बसवलेले, पावडर लावायच्या फुलासारखे. आणि चौथा पोटऱ्यांपर्यंत लांब, मऊ, नुसत्या वाऱ्याने हलणारा. बाई म्हणाल्या, या सगळ्याला टुटू म्हणतात, आणि प्रत्येकाचं वेगळं फ्रेंच नाव सांगितलं. ती नावं दौलतच्या डोक्यावरून गेली. त्याने आपली ठेवली: ताट, घंटा, फूल आणि परकर. बाई खदखदून हसल्या. "ताट! अरे दिकरा, बरोबर बोलते तू!"

संध्याकाळी त्याने ही सगळी गंमत पोरांना सांगितली, आणि गुणाजी उडालाच. गुणाजी म्हणजे मेळ्याचा विनोदी नट, गिरणीत साच्यावर काम करणारा, झुपकेदार मिश्या आणि अस्वलासारख्या पोटऱ्या. गणपतीसाठी बसवत होते त्या नव्या वगात मुंबई होती खमकी कोळीण, आणि तिला हटवायला शेठजी एक खोटी मुंबई आणतो, चावीवर नाचणारी विलायती भावली, असा प्रसंग होता. भावलीला काय नेसवायचं ते सुचत नव्हतं.

"दौल्या, तोच! तो ताटवाला!" गुणाजी मांडीवर थाप मारत म्हणाला. "मी घालतो. मिश्यांसकट घालतो. लोक हसून हसून मरतील!"

आता दौलतने बाईंना काय सांगावं? म्हातारी गुजराती बोलणारी, बंगल्यात राहणारी. शेठजीची टर उडवायला झगा हवाय म्हटलं तर छडीने हाकलील, असं त्याला वाटलं. खरं सांगितलं असतं तर कदाचित हाकललाही असता, कदाचित ती हसलीही असती. दोन्हींत याचं काही जात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी विचारलं, "नमुना कोणासाठी पाहिजे?" आणि हा पटकन बोलून गेला, "माझ्या मुलीसाठी."

"मुलगी? केवढी?"

दौलतने आपल्या कमरेच्या वर हात धरून दाखवला. मुलगी होती की! ललिता, नऊ वर्षांची.

"नाचते?"

"नाचते," दौलत म्हणाला. गॅलरीत उड्या मारते ते नाचणंच म्हणायचं.

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "ते परळ, लालबाग, गिरणीवाले लोक... मी मुंबईची, पण तिथे कोणाला हे आवडेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही. माझी चूक झाली, दिकरा. माफ कर."

त्याची माफी मागत होत्या! दौलतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी खरं सांगायचं, पण तो फाटक्या झग्याचा काठ बघत बसला. बाईंनी मग जेवणवेळेपर्यंत त्याला पुढ्यात बसवून सगळं शिकवलं. सर्वांत आखूड थर खाली, लांब वर. थर एकमेकांना सैल टाक्यांनी धरायचे, नाहीतर प्रत्येक थर आपल्या वाटेने जातो. कमरेचा पट्टा अंगाबरोबर, आणि मागे बटणं नाहीत, हुकांच्या ओळी, म्हणजे मुलगी वाढली तरी झगा चालतो. तपकिरी कागदावर नमुना कापून त्यांनी गुंडाळी त्याच्या हातात दिली. शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. ट्रक सुरू झाला आणि दौलत ती गुंडाळी मांडीवर घेऊन मुंबईला आला.

झगा त्याने जीव ओतून शिवला, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. विलायती जाळी आणायची कुठून? मच्छरदाणीची जाळी आणली, साबुदाण्याच्या खळीत बुडवून कडक केली. खालच्या थरात तारेचं कडं घातलं. गुणाजीची कमर म्हणजे काय, धान्याचं पोतं; त्या मापाचा पट्टा बसवला. बायको शेवंती कुरकुरली, "घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे मच्छरदाण्या." ललिताने विचारलं, "बाबा, माझ्यासाठी?"

"छे गं, गुणाकाकासाठी."

ललिता फिदीफिदी हसत सुटली. पहिल्या तालमीला गुणाजी तो घालून मिश्या पिळत पुढे आला, तेव्हा खुद्द दौलतला मशीनचा आधार घ्यावा लागला, इतका तो हसला. गाणं तर असं जमलं की गणपती यायच्या आधीच चाळीतल्या पोरांच्या तोंडी बसलं:

शेठजीची भावली,
चावी दिली, धावली!

आता आमच्या मेळ्याची एक रीत होती. पहिल्या प्रयोगाला, ज्यांची ज्यांची मदत झाली त्या सगळ्यांना बोलवायचं आणि स्टेजवर नाव पुकारून नारळ द्यायचा. बाकं देणारा, दिवाबत्तीवाला, चहा फुकट पाजणारा इराणी, कोणी सुटायचं नाही. ही यादी सेक्रेटरी चिंतामणीकडे. चिंतामणी म्हणजे देवमाणूस, पण अतिउत्साही. एकदा त्याने सहज विचारलं होतं, "दौलत, हा नमुना कुठला रे?" आणि दौलतने शिंप्याच्या ऐटीत सांगून टाकलं होतं, "देवळालीच्या पिरोजाबाईंचा. असातसा नाही." झालं. चिंतामणीने बाईंना कार्ड टाकलं, तुमच्या नमुन्याचा झगा बघायला या. दौलतला पत्ताच नाही.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दौलत पडद्यामागे कोळणीचा पदर टाचत होता. सहज फटीतून बघितलं, तर पहिल्या रांगेत, मंडळाच्या एकुलत्या एक गादीच्या खुर्चीवर, गार्‍याची रेशमी, पारशी भरतकामाची साडी नेसून पिरोजाबाई बसलेल्या. चिंतामणी त्यांना चहा देत होता. आणि शेजारी, बाईंच्या हाताला धरून, ललिता.

चिंतामणी आत आला तो खुशीत. "अरे, म्हातारी सकाळच्या गाडीने आली एकटी! आल्या आल्या विचारते, दौलतची मुलगी कुठे? म्हटलं, ही काय. बसवली शेजारी."

वग सुरू झाला होता. भावली यायला अजून अवकाश होता. दौलत धावत गुणाजीकडे गेला. "गुणा, आज झगा नको. लुगडं नेस, काहीही नेस."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"ती बाई आलीय. तिला मी मुलीसाठी म्हणून सांगितलं होतं."

गुणाजीने मिशीला पीळ दिला. मग म्हणाला, "मग काय झालं? तीही हसेल. अरे, सगळा लालबाग आज या झग्यासाठी आलाय. एका म्हातारीसाठी वग पाडू?" आणि पाठ करून उभा राहिला. "लाव हुक."

दौलतने लावले. आता हे सांगायला मलाही कसंसं होतं, पण लावले. एकेक करून, खालपासून वर, स्वतःच्या हाताने. पळून गेला असता तर दुसऱ्या कोणी लावले असते, असं आपण म्हणू. पण तो पळाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही.

विंगेतून आधी झग्याची नुसती कड बाहेर आली. दौलत फटीला डोळा लावून होता. बाईंनी ती कड पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला! पुढे वाकल्या, घाईघाईने पर्समधून चष्मा काढला. चष्मा डोळ्यांवर बसला, आणि गुणाजी बाहेर आला. मिश्या, अस्वलाच्या पोटऱ्या, छाती पुढे, ढुंगण मागे. मंडप फुटायचा बाकी राहिला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. ललिता तर बाईंच्या दंडाला धरून हसत होती, "बघा, बघा, गुणाकाका!" म्हणून त्यांना दाखवत होती. शेठजीने पाठीत चावी फिरवली आणि हजार तोंडांनी गाणं उचललं. बाईंनी चष्मा काढला नाही. शेवटपर्यंत सरळ बसून त्यांनी सगळं पाहिलं, हात मांडीवर, पर्सवर.

दौलतने मनात देवाला हात जोडले, आता संपू दे. पण नारळ राहिले होते. चिंतामणीने बाकंवाल्याचं नाव घेतलं, इराण्याचं घेतलं, आणि मग आवाज चढवून म्हणाला, "आणि ज्यांच्यामुळे आज शेठजीच्या भावलीला झगा मिळाला, त्या देवळालीच्या पिरोजाबाई!" वर अक्कल अशी, की नारळ द्यायला पुढे केला तो गुणाजीला, तशाच झग्यात. लोकांनी पुन्हा हसण्याचा नि टाळ्यांचा गदारोळ केला. मनात कोणाच्या वाईट नव्हतं, देवाशपथ नव्हतं. बाई स्टेजवर चढल्या. नारळ घेतला. गुणाजीने गंमत म्हणून गुडघा वाकवून मडमेसारखा नमस्कार केला, आणि लोक शिट्ट्या मारू लागले. म्हातारीने त्याला हात जोडले आणि खाली उतरली.

दौलत ट्रंकांमागे जाऊन बसला. वाटलं, आता जातील. पण बाई ललिताचा हात धरून आत आल्या, आणि चिंतामणीनेच तो कुठे आहे ते दाखवलं. दौलत उठून उभा राहिला. मान वर होईना.

बाईंनी आधी गुणाजीला खांद्याला धरून पाठमोरा केला आणि झगा पाहिला. थर चाचपले, पट्टा पाहिला, हुक पाहिले. "सैल टाके बरोबर पडले," त्या म्हणाल्या. "कडं सरळ आहे. मच्छरदाणी आहे नी ही? छान शिवला. माझ्या मुलींना असा कधी मिळाला नाही."

एखादी शिवी घातली असती तर दौलतने पायांवर डोकं ठेवलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

बाई एका ट्रंकेवर बसल्या, पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं. गुलाबी सॅटिनचे छोटे मऊ बूट, नाड्यांचे. ललिताचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी नाड्या बांधल्या. बूट ललिताला बसले. "तू तिथे हात धरून दाखवला होता, तेवढ्या उंचीवरून अंदाज केला," त्या दौलतला म्हणाल्या. मग विचारलं, "हिचा झगा कुठे आहे?"

दौलतने एकदा ललिताकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यासाठी शिवलाच नाही, बाई. मी खोटं बोललो."

"ते मी पाहिलं," पिरोजाबाई म्हणाल्या. ललिताच्या गालाला हात लावून त्या उठल्या. दौलत "स्टेशनवर सोडतो" म्हणत मागे गेला, पण त्यांनी हातानेच नको म्हटलं, आणि चिंतामणीने त्यांना टॅक्सीत बसवून दिलं. नारळ त्यांनी बरोबर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत मशीनवर वाकून बसला होता. वर गॅलरीत ललिता ते बूट घालून कठड्याला धरून चवड्यांवर उभी राहायचा प्रयत्न करत होती. बाईंच्या मुली दांडा धरून उभ्या राहायच्या, अगदी तशी. कोणी शिकवलं नव्हतं. चाळीतल्या पोरांनी पाहिलं, आणि एकाने सुरू केलं, मग सगळ्यांनी: "शेठजीची भावली, चावी दिली, धावली!" एकाने मागून येऊन तिच्या पाठीत चावीसुद्धा फिरवली. दौलतला जिन्याखाली सगळं ऐकू येत होतं. त्याने उठून पोरांवर खेकसायला हवं होतं. पण काय म्हणून खेकसणार?

थोड्या वेळाने ललिता खाली आली. बूट काढून हातात घेतले होते. रडली नव्हती.

"बाबा, त्या बाईंच्या मुली खरंच असं नाचतात?"

"हो."

"वाईट दिसतं?"

"नाही गं. छान दिसतं." आणि मग त्याच्याने राहवलं नाही. "फार छान दिसतं."

"मग आपण का हसलो?"

दौलतने सुईत दोरा ओवायला घेतला. ललिता उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग शेवंतीने पाणी भरायला हाक मारली, तेव्हा बूट मशीनच्या फळीवर ठेवून वर गेली.

संध्याकाळी दुसरा प्रयोग होता. गुणाजी येऊन मुकाट्याने पाठ करून उभा राहिला, आणि दौलतने हुक लावले. मंडप कालच्यापेक्षा जास्त भरला होता, लोक कालच्यापेक्षा जास्त हसले. पहिल्या रांगेत पोरांच्या गर्दीत ललिता बसली होती. ती स्टेजकडे बघतच नव्हती. पडद्याच्या ज्या फटीमागे बाप उभा होता, त्या फटीकडे बघत होती.